खांद्यावर खाचा, छातीखाली पुरळ आणि वर्षानुवर्षं तोच साइझ

पत्राचा सारांश: बडोद्याहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. वय ४५, ऑफिसात दिवसभर बैठं काम. रावपुऱ्यात घर; घरी यजमान, सासूबाई आणि पंधरा वर्षांची मुलगी. दोन वर्षांपासून त्यांची मान आणि खांदे दुखतात. संध्याकाळपर्यंत उजव्या हाताच्या करंगळीला आणि शेजारच्या बोटाला मुंग्या येतात. ब्राच्या स्ट्रॅपनी खांद्यांवर खाचा पडल्या आहेत, तिथली कातडी काळवंडली आहे. दर पावसाळ्यात छातीखाली लाल पुरळ उठतं आणि खाजतं. त्यावर त्या मेडिकलवाल्याला विचारून आणलेली ट्यूब लावतात. मानेचा एक्स-रे काढला, त्यात काही निघालं नाही. मुलीच्या जन्मानंतर सुरू केलेला ३८ बी हाच साइझ त्या आजही घेतात. मंगळ बाजारात, उभ्या उभ्या, पिशवीत लपवून. 'कुठलीच धड बसत नाही, माझं शरीरच बेढब झालंय,' असं त्या लिहितात. नात्यातल्या एकीने व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला की ब्रामुळे कॅन्सर होतो. सासूबाई म्हणतात, रात्रीसुद्धा काढायची नाही, नाहीतर छाती ओघळते. लेकीने गेल्या नवरात्रात गरब्याला जाणं सोडलं. ती पोक काढून चालते आणि नऊशे रुपयांची स्पोर्ट्‌स ब्रा मागते आहे. ताई विचारतात, 'घालणं सोडून देऊ, की बायकांच्या नशिबी हे असायचंच म्हणून सहन करू? आणि असल्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जातात का?'

प्रिय ताई,

पत्रात तुम्ही पुन्हा पुन्हा माफी मागितली आहे, 'असला विषय' लिहिल्याबद्दल. माफी मागण्यासारखं त्यात काही नाही. जे वस्त्र दिवसाचे बारा-चौदा तास अंगाला चिकटून असतं, त्याच्याबद्दल मोकळेपणाने विचारायला आपल्याला चाळिशी उलटावी लागते, याचंच मला फार वाईट वाटतं. तुमच्यासारखी पत्रं माझ्याकडे येतात आणि बहुतेकींची तक्रार याच वाटेने जाते: आधी मान, मग एक्स-रे, मग दुखण्याच्या गोळ्या; ब्राचा उल्लेख शेवटच्या ओळीत, तोही संकोचून. म्हणून आज सविस्तर लिहिते.

सुरुवात तुमच्या त्या एका वाक्यापासून करू. माझं शरीरच बेढब झालंय. मला सांगा, तुमचे ब्लाऊज तुम्हाला कसे बसतात? चांगलेच बसत असणार. कारण ब्लाऊज शिवायला टाकताना तुम्ही मापं द्यायला उभ्या राहता. शिवणारी बाई छाती घेते, छातीखालची पट्टी घेते, कटोरीचं माप वेगळं घेते, मुंढा बघते. घरी येऊन घालून पाहिल्यावर काखेत दाटलं तर आपण परत जाऊन उसवून आणतो. ज्या अंगावर कटोरी ब्लाऊज सुरेख बसतो त्याच अंगावर ब्रा बसत नाही, तर दोष अंगात कसा असेल? ब्रा आपण मोजून घेतच नाही. काउंटरवर गर्दी, समोर पुरुष विक्रेता, शेजारी ओळखीचं कुणी दिसेल ही धास्ती; 'अडतीस द्या' एवढं पुटपुटून आपण मोकळ्या होतो. घरी आल्यावर ती टोचली, वर सरकली, तर दोष स्वतःला देतो. इतकी वर्षं तुम्ही स्वतःला बेढब समजत आलात, त्या समजाला आधार काय होता हे एकदा तपासा. मला तरी काही सापडत नाही.

३८ बी तुम्ही बाळंतपणानंतर घ्यायला लागलात. तेव्हा दूध होतं, छाती भरलेली होती, आणि गरोदरपणात रुंदावलेला बरगड्यांचा घेर लगेच पूर्ववत होत नाही. त्याला पंधरा वर्षं झाली. मधे वजन वरखाली झालं असेल. आता पाळी जाण्याचा काळ जवळ येतोय, त्यातही स्तनांचा आकार आणि भरीवपणा बदलतो. चष्म्याचा नंबर आपण अधूनमधून तपासून घेतो. ब्राचा नंबर मात्र एकदा ठरला की जन्माचा ठरतो.

त्या नंबरात दोन गोष्टी असतात. आकडा छातीखालून पाठीकडे जाणाऱ्या पट्ट्याचा असतो आणि अक्षर कपाचं. पण अक्षर एकटं काहीच सांगत नाही, ते आकड्याबरोबर वाचायचं असतं. ३८ बी, ३६ सी आणि ३४ डी या तिन्हींच्या कपात जवळपास सारखीच जागा असते. फरक पट्ट्याच्या घेरात. 'डी' ऐकलं की बायका दचकतात, जणू ते काहीतरी अवाढव्य आहे. तसं काही नाही. होतं असं की कप लहान पडायला लागला की आपण आकडा वाढवतो: चौतीसची छत्तीस, छत्तीसची अडतीस. कपात थोडी जागा मिळते खरी, पण पट्टा सैल होतो. सैल पट्टा पाठीवर वर चढतो, मग पुढची बाजू खाली येते, मग आपण स्ट्रॅप आखडतो. ब्राचा मुख्य आधार पट्टाच असायला हवा; स्ट्रॅपनी फक्त कप जागेवर धरायचे असतात. पट्ट्याने काम सोडलं की छातीचं सगळं ओझं त्या बोटभर रुंदीच्या दोन फितींवर येतं. तुमच्या खांद्यांवरच्या खाचा अशाच पडल्या असाव्यात. आरशासमोर पाठ करून उभ्या राहा. ब्राची मागची बाजू पुढच्यापेक्षा वर गेलेली दिसली, तर हे तुम्हाला डोळ्यांनीच कळेल.

यात तुम्ही एकट्या नाही. २००८ साली ऑस्ट्रेलियात ३० तरुणींचा एक छोटा अभ्यास झाला. त्यांतल्या ८० टक्के मुली चुकीचा साइझ घालत होत्या. ७० टक्के गरजेपेक्षा लहान आणि १० टक्के मोठा. मात्र त्याच अभ्यासात ब्राचं माप आणि पाठीचं दुखणं यांचा थेट संबंध दिसला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुम्ही आता सगळा भरवसा नव्या ब्रावर टाकाल आणि महिन्याने मान तशीच राहिली तर पुन्हा स्वतःलाच बोल लावाल. चुकीची ब्रा खांद्यांवर भार टाकते, कातडी घासते, तिच्यामुळे आपण नकळत पुढे वाकून बसतो. पण मान दुखायला इतर कारणंही असतात: ऑफिसातला खाली ठेवलेला स्क्रीन, कायम एकाच खांद्याला अडकवलेली जड पर्स, पाठीच्या वरच्या भागातले कमकुवत झालेले स्नायू. नीट मापाची ब्रा महिना-दीड महिना वापरा, त्याच काळात फिजिओथेरपिस्टकडून खांदे मागे घेण्याचे आणि पाठ बळकट करण्याचे व्यायाम शिका. दोन्हींचा मिळून काय फरक पडतो ते बघा.

बोटांच्या मुंग्यांकडे मात्र मी एवढ्या धीराने बघणार नाही. करंगळी आणि अनामिकेकडे जाणारी नस मानेतून निघते, गळपट्टीच्या हाडामागून जाते आणि कोपराला वळसा घालून हातात उतरते. भारी छाती आणि रुतणारे स्ट्रॅप यांनी खांदा खाली ओढला गेला की त्या नसांवर दाब येतो, असं डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. पण तोच त्रास मानेतल्या सरकलेल्या गादीने होतो, टेबलावर तासन्‌तास कोपर टेकून बसल्यानेही होतो. मधुमेहात आणि बी-१२ कमी असल्यावरही मुंग्या येतात, आणि शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता काही दुर्मीळ नाही. एक्स-रेत हाडं दिसतात, नस दिसत नाही. तेव्हा एक्स-रे चांगला आला म्हणून विषय संपत नाही. साखर आणि बी-१२ तपासून घ्या. डॉक्टरांना त्या खाचा दाखवा, ब्रा घालूनच दाखवा. 'असल्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जातात का' याचं उत्तर: हो, जातात, आणि हीच गोष्ट आधी सांगायची असते. तुम्ही गेल्या वेळी ती सांगितली नाहीत, म्हणून डॉक्टरांच्या हाती फक्त मान आली.

एक गोष्ट हात जोडून सांगते. जिना चढताना किंवा चालताना छातीवर दडपण आलं, धाप लागली, घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर 'ब्रा घट्ट आहे' म्हणून हूक सोडून बसून राहू नका. त्याच क्षणी दवाखाना गाठून ईसीजी काढा. बायकांच्या छातीतल्या दुखण्यावर घरचे आणि आपण स्वतः किती सहज पडदा टाकतो, हे मी फार पाहिलं आहे.

आता पुरळ. छातीखालच्या घडीत घाम साचतो, कातडीवर कातडी घासते, तिथे बुरशी वाढते. बडोद्यातला पावसाळा म्हणजे तिला हवं तसं हवामान. कप लहान असला की स्तन खालून नीट उचलला जात नाही आणि ती घडी दिवसभर ओलीच राहते. यावर उपाय साधा आहे, पण त्यात सातत्य लागतं. आंघोळीनंतर तो भाग दाबून कोरडा करा, घासू नका. पंख्याखाली दोन मिनिटं हवा लागू द्या. ऑफिसातून आल्यावर घामाने भिजलेली ब्रा काढा. रात्री निजेपर्यंत तीच अंगावर ठेवू नका. रात्री त्या घडीत मऊ सुती कापडाची घडी ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. पावडर थापू नका, घामात तिचे गोळे होतात आणि तेच टोचतात.

ती मेडिकलवरची ट्यूब आजच उघडून तिच्यावरची घटकद्रव्यं वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही लिहिलेलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज थांबते म्हणून ती ट्यूब लाडकी होते, पण आतली बुरशी तशीच पसरत राहते, कातडी पातळ होते आणि पुढच्या वर्षी पुरळ दुप्पट चिवट होऊन परत येतं. आपल्या देशात गजकर्णासारखे आजार इतके हट्टी होऊन बसले आहेत, त्यामागे स्टेरॉइड मिसळलेल्या या मलमांचा मोठा हात आहे असं त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आहेत. तुमच्यासाठी सयाजी हॉस्पिटलचा त्वचाविभाग लांब नाही. तिथे दाखवा आणि दिलेलं औषध सांगितलेले सगळे दिवस लावा. पुरळ पुन्हा पुन्हा उठत असेल तर साखर तपासण्याचं ते आणखी एक कारण. पाठीवर नेमकं हुकाच्या जागी खाजत असेल तर ती बहुधा धातूची किंवा इलास्टिकची ॲलर्जी असते; ती वेगळी.

आणि ब्रा वाळत कुठे घालता? बहुतेक घरांत ती बाथरूमच्या मागच्या दोरीवर, टॉवेलच्या किंवा परकराच्या खाली, अंधारात वाळते. वाळत नाहीच खरं तर, दमट राहते आणि सकाळी तशीच अंगावर चढते. ती उन्हात वाळली पाहिजे. गच्चीवर सगळ्यांच्या शर्टांबरोबर वाळली तरी आभाळ कोसळत नाही. सासूबाईंना ते रुचणार नसेल तर निदान जिथे वारा आणि ऊन येतं अशा खिडकीशी दोरी बांधा, पण वर काही पांघरू नका.

कॅन्सरच्या मेसेजबद्दल. ही भीती जुनी आहे. १९९५ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने ती जगभर पसरवली. नंतर सिॲटलच्या फ्रेड हचिन्सन कॅन्सर संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी पाळी गेलेल्या, ५५ ते ७४ वयाच्या दीड हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती तपासली. कप केवढा, वायर होती का, दिवसाचे किती तास घालत, कोणत्या वयापासून घालू लागल्या, असं सगळं विचारलं. २०१४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ब्राचा आणि स्तनांच्या कर्करोगाचा संबंध आढळला नाही. तेव्हा त्या भीतीने ब्रा सोडायची गरज नाही. त्या मेसेजने तुम्हाला ब्राची भीती घातली, पण स्वतःची तपासणी करा असं कुठे सांगितलं? भारतात स्त्रियांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनांचाच आहे. तिशीनंतर दर पाच वर्षांनी स्तनतपासणी व्हावी असं सरकारी कार्यक्रमात ठरलेलं आहे आणि ती सरकारी आरोग्य केंद्रात होते. गाठ लागली, कातडी संत्र्याच्या सालीसारखी खडबडीत झाली, स्तनाग्र नव्याने आत ओढलं गेलं, त्यातून रक्ताळ पाणी आलं, किंवा एकाच बाजूच्या स्तनाग्रावरचं पुरळ औषधानेही बरं होत नसेल, तर एक दिवसही थांबायचं नाही.

सासूबाईंच्या ओघळण्याच्या म्हणण्यालाही पुरावा नाही. अमेरिकेत केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी छाती कशामुळे ओघळते याचा अभ्यास केला होता. वय, वजन, धूम्रपान आणि किती गरोदरपणं झाली, या गोष्टींचा संबंध दिसला. अंगावर पाजल्याने छाती ओघळते हा समज मात्र खोटा ठरला. रात्री ब्रा घालायची की नाही हे सर्वस्वी तुमच्या सोयीवर. पाळीच्या आधी छाती हुळहुळते तेव्हा मऊ, सैलसर ब्रा घालून झोपल्यावर बरं वाटत असेल तर घाला. एरवी काढा. घरातही काढून ठेवली तर शरीराला काही अपाय होत नाही. पण तुम्हाला पुरळ येतं, म्हणून रात्री तरी काढाच असं माझं मत आहे.

म्हणजे तुमच्या 'सोडू की सोसू' या प्रश्नात निवडीला दोनच वाटा तुम्ही ठेवल्या आहेत आणि दोन्ही तुमच्या सोयीच्या नाहीत. भारी छातीला दिवसभर आधार नसला की काहींना आणखी दुखतं, आणि भरल्या घरात व ऑफिसात तुम्हाला स्वतःलाच अवघडल्यासारखं होईल. सोसण्याबद्दल तर बोलायलाच नको. मधली वाट मापाच्या टेपेची आहे.

दार लावून घ्या, आरशासमोर उभ्या राहा. टेप छातीच्या अगदी खाली, बरगड्यांवर, जमिनीला समांतर धरा. श्वास सोडून घट्टसर माप घ्या. मग छातीच्या सगळ्यांत भरलेल्या भागावरून सैलसर माप घ्या, शक्यतो पॅड नसलेली ब्रा घालून. दोन्हींतला फरक म्हणजे कप: एक इंच ए, दोन बी, तीन सी, चार डी, पाच डीडी. काही कंपन्या त्यालाच ई म्हणतात. समजा खालचं माप ३४ आलं आणि वरचं ३९, तर सुरुवात ३४ डीडीपासून करा. ती मिळाली नाही तर ३६ डी घालून बघा, कप सारखाच असतो. एक अडचण सांगून ठेवते. काही कंपन्या खालच्या मापात चार-पाच इंच मिळवून आकडा काढतात, काही आहे तोच घेतात. म्हणून ज्या कंपनीची घ्याल तिचा तक्ता बघायचा आणि आकड्यापेक्षा अंगावर विश्वास ठेवायचा.

अंगावर घातल्यावर पुढे वाकून काखेकडचा भाग हाताने कपात सरकवा, मग सरळ उभ्या राहा. नवी ब्रा सगळ्यांत बाहेरच्या, सैल हुकावर नीट बसली पाहिजे. इलास्टिक जसं ढिलं होईल तसं आतल्या हुकांवर जायचं. पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. दोन्ही हात वर करा, पट्टा जागचा हलता कामा नये. स्ट्रॅप खांद्यांवरून उतरवून बघा. तरीही पट्टा तिथेच राहिला तर आधार योग्य ठिकाणी आहे. कपाच्या वरून किंवा काखेतून मांस बाहेर येत असेल तर कप लहान. कपाला सुरकुत्या पडत असतील तर मोठा. वायर असेल तर ती स्तनावर चढता कामा नये, त्याच्या मुळाशी बरगडीवर बसली पाहिजे, आणि दोन कपांमधला भाग छातीच्या हाडाला टेकला पाहिजे. तुमच्यासाठी मी रुंद स्ट्रॅपची, पूर्ण कपाची, मागे तीन हूक असलेली, पातळ सुती अस्तराची बघेन. जाड फोमच्या कपात बडोद्याच्या उन्हाळ्यात घाम मरणाचा येतो.

घ्यायची कुठे? मंगळ बाजारातल्या हातगाडीवर घालून बघता येत नाही, हे खरंच. पण स्वतःचं माप माहीत असेल तर तिथेही नेमकं मागता येतं, आणि शहरात आता ट्रायल रूम असलेली, विक्रेत्या बायकाच असलेली दुकानंही आहेत. पहिल्या वेळी अशा दुकानात जा, चार-पाच साइझ घालून बघा. ऑनलाइन मागवणार असाल तर आतले कपडे परत घेतात का, हे आधी वाचा. पुष्कळ ठिकाणी घेत नाहीत. एकदम सहा घेऊ नका. एक घ्या, आठवडाभर वापरा, मग आणखी दोन. आलटून पालटून वापरल्या, हाताने धुतल्या, पिळून काढल्या नाहीत तर त्या टिकतात. पट्टा शेवटच्या हुकावरही ढिला लागला की तिचे दिवस संपले समजायचं. आणि हो, नव्या ब्राने छातीची उंची बदलते, त्यामुळे जुने ब्लाऊज काही दिवस विचित्र वाटतील. टक्स थोडे सरकवून घ्यावे लागतील. त्या पहिल्या आठवड्यात घाबरून परत अडतीसकडे वळू नका.

खर्चाचा विषय तुम्ही हळूच काढला आहे. दीडशेची ब्रा आणि सहाशेची ब्रा यातला फरक मलाही जाणवतो. पण दोन वर्षांत एक्स-रे, गोळ्या, ट्यूब यांवर झालेला खर्च एकदा मांडून बघा. घरात बाकी कुणाच्या दुखण्यासाठी एवढे पैसे लागले असते तर तुम्ही विचारही केला नसतात.

सासूबाईंशी वाद घालू नका. त्यांना त्यांच्या आईच्या, आजीच्या चोळीबद्दल विचारा. पुढे गाठ मारायच्या त्या चोळीत अंगाप्रमाणे रोज सैल-घट्ट करता यायचं. बाळंतपणात सैल, एरवी आवळून. शरीर बदलतं आणि कपड्याने त्याच्याबरोबर बदलायचं, हे त्या पिढीने केलेलंच आहे. त्यांना स्वतःलाही या वयात छातीखाली घामाचा त्रास होत असेल. एकदा विचारून तर बघा. कदाचित त्यांनी तो कधीच कुणाला सांगितला नसेल.

आता तुमची लेक. तिच्याबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण मला तिचीच काळजी जास्त वाटते. पंधराव्या वर्षी पोक काढून चालणं हा आळस नसतो. छाती हलते, दुखते, कुणी बघतं, कुणी काही बोलतं. म्हणून ती लपते आहे. इंग्लंडमध्ये पोर्ट्‌समथ विद्यापीठाच्या एका गटाने हाच विषय अभ्यासासाठी घेतला आहे. धावताना-उड्या मारताना स्तन फक्त वरखाली हलत नाहीत. आत-बाहेर आणि बाजूलाही हलतात, हे त्यांनी मोजून दाखवलं. २०१६ साली त्यांनी ११ ते १८ वयाच्या २,०८९ शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. ४६ टक्के मुलींनी सांगितलं की स्तनांमुळे त्यांच्या खेळण्यावर काही ना काही परिणाम होतो, आणि ८७ टक्के मुलींना स्तनांबद्दल अधिक माहिती हवी होती. त्या मुली तिकडच्या, पण तुमच्या घरात जे चाललंय ते काही वेगळं नाही.

गरबा म्हणजे तासन्‌तास वाकणं, गिरक्या, टाळ्या. तो व्यायामच आहे. त्यासाठी ती आधार देणारी ब्रा मागते आहे, आणि ही मागणी मला शंभर टक्के रास्त वाटते. नऊशे रुपये तिला द्या. फक्त घेताना एवढं बघा: सगळं आवळून सपाट करणारी स्पोर्ट्‌स ब्रा लहान छातीला चालते, छाती भरलेली असेल तर दोन वेगळे कप असलेली, रुंद पट्ट्याची घ्यावी. 'वाढतं अंग आहे' म्हणून एक साइझ मोठी अजिबात घेऊ नका, तिचा उपयोग शून्य. या वयात माप काही महिन्यांत बदलतं, ते बदललं की पुन्हा मोजायचं. एक बाजू दुसरीपेक्षा थोडी मोठी असणं अगदी स्वाभाविक आहे, हेही तिला सांगा; बहुतेक मुली हे मनात ठेवून कुढत असतात. आणि टेप तिच्या हातात द्या, तिला स्वतः मोजू द्या. तुम्ही दाराबाहेर थांबा, तिने हाक मारली तर आत जा.

या बोलण्यासाठी तुम्हाला शब्द सापडत नसतील तर तुमच्या गावातच मदत मिळू शकते. महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रशास्त्राचा वेगळा विभाग आहे. कपडा अंगावर कसा बसतो हा तिथे अभ्यासाचा विषय आहे. तिच्या शाळेतल्या बाईंना सुचवा की तिथल्या एखाद्या शिक्षिकेला बोलावून आठवी ते दहावीच्या मुलींसाठी तासभर बोलायला सांगा. आईकडून ऐकताना जो संकोच असतो तो वर्गात मैत्रिणींबरोबर ऐकताना पुष्कळ कमी होतो.

लेकीच्या गरब्याच्या चोळीचा प्रश्न उरतो. पाठ उघडी असलेल्या, दोऱ्यांच्या चोळीत ब्रा घालता येत नाही म्हणून मुली एकतर काहीच घालत नाहीत किंवा चिकटपट्ट्या लावतात. त्या घामात सुटतात आणि काढताना कातडी सोलवटून येते. यंदा चणियाचोळी शिवायला टाकाल तेव्हा पाठीवर ब्राचा पट्टा झाकला जाईल एवढं कापड ठेवायला सांगा, दोऱ्या आणि लटकन वरच्या भागात घेता येतात. तिला उघडीच पाठ हवी असेल तर अस्तरात कप शिवून घ्या आणि छातीखाली दोन-अडीच इंच रुंद, घट्ट पट्टी लावून घ्या. माप देताना ती नवी ब्रा घालूनच जाऊ दे. शिवून आल्यावर दुकानातच तिला दोन गिरक्या घ्यायला सांगा, हात वर करायला सांगा, आणि चोळी वर सरकली तर तिथल्या तिथे बदलून घ्या.